वेड पांघरून फिगेरसला

थोर चित्रकार व्हायचं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी विक्षिप्त व्हा. चित्रकला मागाहून येईल. नाही आली तरी निव्वळ विक्षिप्तपणावर भागतं असा लोकांचा समज आहे, आणि लोकांच्या समजाविरुद्ध जाणं कलावंताला परवडत नाही. या कामी साल्वादोर दालीइतका चांगला नमुना मिळणार नाही. उगाच व्हॅन गॉगच्या वाटेला जाऊ नका. त्यात कान जातो आणि पैसे मेल्यावर मिळतात. दालीचे दोन्ही कान शेवटपर्यंत शाबूत होते, मिश्या होत्या त्या वेगळ्याच, आणि पैसे हयातीत मिळाले, तेही डॉलरमध्ये.

सुरुवात जन्मापासून करावी लागते. दाली ११ मे १९०४ रोजी स्पेनमधल्या कातालोनियात, फिगेरस नावाच्या गावी, एका नोटरीच्या घरी जन्मला. त्याआधी नऊ महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ वारला होता. त्याचं नाव साल्वादोर, तेच धाकट्याला ठेवलं. पाच वर्षांचा असताना आईवडिलांनी मला त्या भावाच्या कबरीपाशी नेलं आणि तू म्हणजे तोच परत आलायस असं सांगितलं, हे दाली पुढे सांगत असे. एवढं भांडवल जन्मतःच मिळूनही गड्याचं समाधान झालं नाही. स्वतःची कहाणी सांगताना त्यानं त्या भावाचं वय सात करून टाकलं. प्रत्यक्षात ते मूल दोन वर्षांचंही झालं नव्हतं. आता तुमच्या घरी असं काहीच घडलेलं नसेल, आई डबा भरून देत असेल आणि वडील वेळेवर लाइटबिल भरत असतील, तर खचून जाऊ नका. चार-पाच वर्षं इकडची तिकडे करायला तुम्हाला कोणी अडवलंय?

मग शिक्षण. ते अर्धवट सोडायचं, पण सोडण्याची तऱ्हा महत्त्वाची. दाली माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत शिकायला होता. १९२६ साली तोंडी परीक्षेला उभा राहिला आणि म्हणाला, समोर बसलेल्या तिघा प्राध्यापकांपेक्षा मला या विषयातलं फार जास्त कळतं, सबब मी परीक्षा देत नाही. अकादमीनं त्याला कायमचं हाकललं. इथवर सगळं सोपं आहे. परीक्षा न देणारी मुलं आपल्याकडेही दर वर्षी निघतात, फक्त ती कारण तापाचं सांगतात.

अडचण एकच. त्याच १९२६ साली या पोरानं पावाच्या टोपलीचं एक चित्र रंगवलं. वेताची टोपली, तिच्यात कापलेल्या पावाचे तुकडे, खाली चुरगळलेलं पांढरं कापड आणि मागे काळोख. बस्स. पण पावाची कडक साल आणि आतला मऊ गर यांतला फरक डोळ्यांनी चावून कळावा, असं ते काम आहे. वय बावीस. जुन्या डच उस्तादांसमोर मान खाली घालून किती तास काढले असतील, याचा हिशेब त्या कापडाच्या घड्यांत आहे. हे चित्र तुम्ही पाहू नका. पाहिलंत तर गुपचूप परीक्षेला बसावंसं वाटेल.

आता प्रतिभा. ती झोपेत येते, हे तुम्ही ऐकलं असेलच. दालीनं त्याची रीतसर कृती लिहून ठेवली आहे. दुपारचं जेवण झालं की हातांच्या खुर्चीत डोकं मागे टेकून बसायचं, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात एक जड किल्ली धरायची, आणि तिच्या बरोबर खाली जमिनीवर एक ताटली उपडी घालायची. डोळा लागला की बोटं सैल होतात, किल्ली सुटते, ताटली खणकन वाजते आणि माणूस जागा होतो. झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावरचं जे काही त्या क्षणी डोळ्यांपुढे असतं, तेच माल. वामकुक्षीची एवढी दांडगी परंपरा असून आपल्यात दालीसारखे अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नांतून आणि नेणिवेतून कला काढणारे, निपजले नाहीत, कारण आपण किल्ली खुंटीला अडकवून चांगले दोन तास आडवे होतो. शिवाय त्या खणखणाटानंतर दाली उठून कामाला लागत असे. तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. उठा, चहा टाका.

वितळणाऱ्या घड्याळांचं त्याचं गाजलेलं चित्र याच मुशीतलं. १९३१ साल. दालीचं डोकं दुखत होतं म्हणून तो घरी राहिला आणि त्याची सोबतीण गाला मित्रमंडळींबरोबर सिनेमाला गेली. जेवणाच्या टेबलावर कॅमेंबेर चीज उरलं होतं, पाघळलेलं. ते बघत बसता बसता त्याला मऊ घड्याळं सुचली आणि गाला परत यायच्या आत चित्र तयार होतं, असं तो सांगतो. ही गोष्ट तुमच्या फार उपयोगाची. चीज, डोकेदुखी आणि रिकामं घर, तिन्ही सहज जमण्यासारखं आहे. गोष्टीतला एक तपशील मात्र सगळेजण गाळतात, तुम्हीही गाळा. मागचा समुद्र, संध्याकाळच्या उन्हातले ते कडे, पुढचं बिनपानांचं झाड, हे आधीच रंगवून ठेवलेलं होतं. लहानपणापासून बघितलेला तो किनारा त्याच्या हातात इतका बसला होता की त्यावर घड्याळं टाकणं एवढंच बाकी होतं.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते चित्र १९३४ पासून आहे. पोस्टरवरून तुम्हाला ते भिंतभर वाटत असेल. आहे चोवीस सेंटिमीटर बाय तेहतीस. झेरॉक्सच्या कागदापेक्षा दोन बोटं मोठं. त्यात एका घड्याळावर बसलेली माशी आहे, दुसऱ्यावर मुंग्यांची झुंबड आहे, आणि माशीला तिची सावलीसुद्धा आहे.

सिग्मंड फ्रॉइडही दालीच्या वेडाच्या बाबतीत जरा खडूस निघाला. दाली त्याला जुलै १९३८ मध्ये लंडनला भेटला. म्हातारा ब्याऐंशीचा, नुकताच व्हिएन्ना सोडून आलेला. हे अतिवास्तववादी लोक त्याला आपलं कुलदैवत मानत आणि तो त्यांना पंचाण्णव टक्के वेडे समजत असे; टक्केवारी अल्कोहोलच्या हिशेबानं, हे त्यानंच पत्रात लिहिलं. दालीला पाहून त्याचं मत थोडं बदललं. का? तर या तरुणाचे झपाटलेले डोळे आणि त्याचं निर्विवाद कसब. आणि दालीला म्हणाला म्हणे, की जुन्या उस्तादांच्या चित्रांत मी नेणीव शोधतो, तुमच्या चित्रांत मला जाणीव शोधावीशी वाटते. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या मनोवैद्यानं तपासून सांगितलं की गडी पूर्ण शुद्धीत आहे. असा दाखला तुम्हाला मिळाला तर कुणाला दाखवू नका.

पोशाखाकडे वळू. विक्षिप्तपणा अंगावर दिसला पाहिजे. १ जुलै १९३६ रोजी लंडनच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात दाली व्याख्यानाला आला तो खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या पोशाखात. एका हातात बिलियर्डची काठी, दुसऱ्या हातात दोन रशियन वुल्फहाउंड कुत्र्यांचे पट्टे. नेणिवेच्या तळाशी बुडी मारायची तर पोशाख नको का? शिरस्त्राण बोल्ट लावून घट्ट बसवलेलं. थोड्या वेळात आतली हवा संपली आणि तो हातवारे करू लागला. श्रोत्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. लोक खूश. ते शिरस्त्राण उपटून काढेस्तोवर गडी अर्धमेला झाला होता. यातून तुम्ही एवढंच घ्यायचं, की गुदमरतानासुद्धा प्रेक्षकांकडे तोंड असावं. पुढे १९५५ मध्ये पॅरिसच्या सोर्बोनला भाषणाला जाताना त्यानं रोल्स-रॉइस फ्लॉवरच्या गड्ड्यांनी भरून नेली. पाचशे किलो. मंडईच्या भावानं आजही हा खर्च आवाक्यातला आहे. अडलं तर रोल्स-रॉइसपाशी अडेल.

घरात मात्र एक माणूस ठार शहाणं लागतं, त्याची सोय आधी पाहा. दालीकडे गाला होती. मूळची रशियाची, नाव एलेना दियाकोनोवा, कवी पॉल एलुआरची बायको. १९२९ च्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादाकेसला आली आणि राहिली ती दालीकडे. करार तिचे, दर तिचे, वसुली तिची. चित्रांवर तो पुष्कळदा दोघांचं नाव मिळून सही करी. नंतर त्यानं तिला पूबोलचा गढीवजा वाडा घेऊन दिला आणि तिथं स्वतः जायचं तर तिचं लेखी बोलावणं लागे. तेव्हा तुमच्या घरी सध्या जे म्हणतात ना, 'आधी मला विचारून मग काय ते कर,' ते कलेच्या इतिहासाशी सुसंगतच आहे.

संघटनेत राहू नका, पण हकालपट्टी वाजतगाजत करून घ्या. १९३४ च्या फेब्रुवारीत अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतोन यानं पॅरिसमध्ये दालीवर खटलाच भरला. आरोप असे: हिटलरचं नको इतकं आकर्षण, आणि लेनिनला एका चित्रात भलामोठा नितंब देऊन केलेली टवाळी. आरोपी तोंडात थर्मामीटर घालून हजर झाला. सर्दी झालीय, ताप आहे. अंगावर एकावर एक स्वेटर. ब्रेतोन बोलतोय आणि हा मध्येच ताप बघतोय, एक स्वेटर उतरवतोय, पुन्हा चढवतोय. स्वप्नांना मोकळीक द्या म्हणणारी माणसं कार्यकारिणीची बैठक घेऊन एकाच्या स्वप्नांवर ठराव करत होती. त्या संध्याकाळी खोलीत खरा अतिवास्तववादी एकच होता, आणि मला वाटतं तो थर्मामीटरवाला. ब्रेतोननं नंतर त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून त्याला डॉलरचा हावरा ठरवलं. दालीला ते आवडलं असावं. फुकटची जाहिरात.

कारण पैसा. चॉकलेटच्या जाहिरातीत तो मिश्या ताठ करताना दिसला, आम्लपित्ताच्या गोळीच्या जाहिरातीत दिसला. पोरं चघळतात त्या चुपा चुप्सच्या कागदावरचं फूल १९६९ मध्ये त्यानंच बसवलं, आणि ते बाजूला न छापता वर माथ्यावर छापा म्हणून सांगितलं, म्हणजे नाव अख्खं दिसेल. बाजाराची अक्कल ही अशी असते.

आपल्या एअर इंडियानं १९६७ साली त्याच्याकडून ॲशट्रे करून घेतला. पोर्सेलीनचा. मध्ये शिंपला, कडेनं साप, आणि खाली आधाराला हंस आणि हत्ती, असे की हंस उलटा धरला की हत्ती दिसतो आणि हत्ती उलटा धरला की हंस. मोबदला म्हणून दालीनं हत्तीचं पिल्लू मागितलं. एअर इंडियानं दिलं! बंगळूरहून माहुतासकट पिल्लू विमानानं जिनिव्हाला गेलं, तिथून ट्रकनं कादाकेसला. गावानं उत्सव केला. या हत्तीवर बसून हॅनिबल सेनापतीसारखा आल्प्स ओलांडीन, असं दाली म्हणत होता. पिल्लाची रवानगी पुढे वॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. याच एअर इंडियानं बी. प्रभा, हुसेन, गायतोंडे यांची चित्रंही घेतली होती. त्यांच्यापैकी कोणी जनावर मागितल्याचं ऐकिवात नाही. गायतोंडे तर नंतर दिल्लीत निजामुद्दीनच्या खोलीत गप्प बसून वर्षाला पाच-सहा चित्रं करत. अशा लोकांकडून शिकण्यासारखं काही नाही. त्यांची चित्रं बघावी लागतात.

राजकारणाचं कलम नीट वाचा, इथं बरेच वेडे चुकतात. तरुणपणीचा दालीचा जिवलग मित्र कवी लोर्का. त्यानं दालीवर अख्खं स्तोत्र लिहिलं होतं. ऑगस्ट १९३६ मध्ये लोर्काला पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या. दाली १९४८ मध्ये स्पेनला परतला, १९५६ मध्ये फ्रँकोला जाऊन भेटला, आणि सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकोनं पाच जणांना देहदंड दिला तेव्हा त्यानं अभिनंदनाची तार केली. आईच्या तसबिरीवर थुंकल्याचं चित्रात लिहून बापाकडून घराबाहेर निघालेला हा माणूस, परीक्षकांना परीक्षक न मानणारा. पण हुकूमशहापुढे आल्यावर त्याचं वेड अगदी वेळेवर उतरायचं. १९८२ मध्ये राजानं त्याला पूबोलचा मार्क्विस, म्हणजे उमराव, केलं. तेव्हा मुंगीखाऊला साखळी बांधून पॅरिसच्या रस्त्यात हिंडवा, ऑसिलॉट नावाचं रानमांजर घेऊन हॉटेलात जा, काहीही करा, पण सत्तेत कोण आहे ते सकाळी पेपरात बघून मग करा.

कादाकेसजवळच्या पोर्ट लिगातच्या त्याच्या घरात जाणार असाल तर स्टुडिओकडे फिरकू नका. तिथं जमिनीला एक लांब फट आहे आणि कप्पीवर चालणारी चौकट. मोठा कॅनव्हास त्या फटीतून खाली-वर सरकवता येतो, म्हणजे चित्राचा कुठलाही कोपरा खुर्चीवर बसून रंगवता यावा, शिडीवर चढण्यात उजेड वाया जाऊ नये. बघून मन खट्टू होतं. वेड्याच्या घरात कारखान्याची शिस्त.

त्यापेक्षा त्याचा उतारवयातला उद्योग पाहा, तो तुम्हाला जास्त झेपेल. १९७४ मध्ये फ्रान्स आणि अँडोराच्या सीमेवर एक ट्रक अडवला गेला. आत चाळीस हजार कागद. सगळे कोरे, आणि प्रत्येकावर खाली दालीची सही. चित्रं मागाहून कोणीतरी छापून घेणार होतं. कोरे कागद तुमच्याकडे आहेतच, आजवर त्यांवर काही काढलेलं नाही हीही मोठी जमेची बाजू. पेन तेवढं चांगलं घ्या, आणि सही जरा मोठी करा.