कन्झर्वेटरी बांधायचीच आहे ना? मग नीट ऐका

इंग्लंडात घर घेतलं, मॉर्गेज सुरू झालं, मागच्या गार्डनमधलं गवत कापून कापून जीव मेटाकुटीला आला की आपल्या माणसाला हमखास कन्झर्वेटरी, म्हणजे घराला मागून जोडलेली काचेची खोली, सुचते. सुचायलाच पाहिजे. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या निम्म्या लोकांकडे ती आहे आणि तुमच्याकडे अजून नुसता पॅटिओ, काय इज्जत राहिली सांगा. तेव्हा बांधाच. कशी बांधायची ते मी सांगतो, कारण सेल्समन सांगणार नाही आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, वेबसाइट तुम्ही वाचणार नाही.

'प्लॅनिंग परमिशन लागतच नाही' हे वाक्य कानावर पडलं की तिथल्या तिथे डिपॉझिट भरून टाका. वाक्य अगदीच खोटं नाहीये. परमिटेड डेव्हलपमेंट म्हणून सवलत आहे, त्यात सेमी (एक भिंत शेजाऱ्याला चिकटलेली) किंवा टेरेस्ड (ओळीतल्या) घराला मागे ३ मीटर जाता येतं, डिटॅच्डला (सुट्या घराला) ४, उंची ४ मीटरच्या आत, आणि कुंपणापासून २ मीटरच्या आत बांधत असाल तर वळचण ३ मीटरच्या वर न्यायची नाही. आता हे ३ मीटर मोजायचे कुठून, तर मूळ घराच्या भिंतीपासून, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ ला जसं उभं होतं तसं, त्यानंतरचं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. म्हणजे आधीच्या मालकाने मागे किचन वाढवून ठेवलं असेल तर तुमचे मीटर त्याने कधीच खाल्लेत. पण तुम्ही टेप बिनधास्त किचनच्या भिंतीला लावा. टेप काय, कुठेही लागते.

३ चे ६ किंवा ४ चे ८ मीटर हवे असतील तर तीही सोय आहे, फक्त आधी कौन्सिलला कळवायचं आणि कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवतं. मग बघा मजा. ज्या बाईंनी आजवर 'लव्हली डे' च्या पलीकडे शब्द काढला नाही त्या तुमच्यामुळे त्यांच्या गुलाबांचं ऊन कसं जाणार आहे यावर दोन पानं लिहून देतात, तेही इतक्या नम्रपणे की वाचून आपल्यालाच अपराधी वाटावं. शिवाय नवीन इस्टेटवर घर असेल तर ही सवलत प्लॅनिंगच्या अटीतच काढून घेतलेली असू शकते, किंवा डीड्समध्ये, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदांत, डेव्हलपरने काहीतरी घालून ठेवलेलं असतं. डीड्स कोण वाचतंय? फ्लॅटवाल्यांनी तर हा लेख इथेच सोडावा, तुम्हाला ही सवलत मुळातच नाही.

पाया शेजाऱ्याच्या भिंतीपासून ३ मीटरच्या आत आणि त्याच्या पायापेक्षा खोल जाणार असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा म्हणतो, महिनाभर आधी लेखी नोटीस द्या. तुम्ही नोटिशीऐवजी चकल्या द्या. नोटीस दिली आणि शेजारी १४ दिवस गप्प बसला तर कायदा त्याला भांडण धरतो, मग सर्व्हेअर नेमायचे आणि त्यांची फी बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून. चकलीत निदान फी नाही.

पॅटिओत ते मॅनहोलचं झाकण आहे ना, त्याकडे तर बघूही नका. ऑक्टोबर २०११ पासून सामायिक ड्रेन बहुतेक ठिकाणी वॉटर कंपनीच्या ताब्यात गेलेत आणि ड्रेनपासून ३ मीटरच्या आत बांधायचं तर कंपनीची परवानगी लागते. तुम्ही वरून छान ओक रंगाचं लॅमिनेट टाका. ड्रेन तुंबला की ते उचकटायला मजा येते.

पण खरी गंमत बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकाम कसं असावं त्या नियमांची. कन्झर्वेटरी ३० चौरस मीटरच्या आत असेल, जमिनीलगत असेल, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचं दार कायम राहणार असेल आणि हीटिंग वेगळं असेल तर या नियमांतून सूट मिळते, काचा आणि वायरिंग तेवढं नियमात लागतं. थोडक्यात कायद्याचं म्हणणं, ही घरातली खोली नाही असं तुम्ही कबूल करा, आम्ही तपासायला येत नाही. आणि आपण काय करतो, तर पहिल्याच दिवाळीला फराळाला माणसं यायच्या आधी मधलं दार काढून गराजमध्ये ठेवतो आणि ओळखीच्या प्लंबरकडून घरच्या बॉयलरची लाइन पुढे ओढून घेतो. सूट गेली, ऊबही गेली. डिसेंबरभर तुमचा बॉयलर इमानदारीत अख्खं गार्डन तापवतो, काचांवरून पाणी ओघळतं, खिडकीच्या कडेला काळी बुरशी धरते, आणि थंडीतून वाचवायला आत आणलेली तुळस नवीन वर्षापर्यंत नुसत्या काड्या होऊन उभी असते.

उन्हाळ्यात उलटं. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ डिग्री झालं, ते सावलीतलं, तुम्ही काचेखाली बसून बघा. पण सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेली आई असेल तर तिला विचारा, तिच्या मते विलायतेतली ही एकमेव उपयोगाची जागा. प्लॅस्टिकवर साबुदाण्याच्या पापड्या घालते, संध्याकाळपर्यंत खडखडीत. वीसेक हजार पौंडांत पापड्या वाळतात, अजून काय पाहिजे.

पॉलीकार्बोनेटचं छप्पर घेतलंत तर पाऊस पडताना टीम्सच्या कॉलवर तुमचं कुणाला काही ऐकू जाणार नाही, हा फायदा धरा. मग कंटाळून वर पक्कं छप्पर घालाल, आणि त्याला मात्र बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे हेच नियम तपासणाऱ्यांची, मंजुरी लागते, जी तुम्ही घेणार नाहीच.

घर विकायला काढलं की घेणाऱ्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, कागद मागतो. प्लॅनिंगच्या कारवाईची मुदत पूर्वी ४ वर्षं होती, २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडात १० झाली, त्यामुळे 'चार वर्षं गप्प बसा' हा काकांचा सल्लाही बाद. मग सॉलिसिटर स्वतःच सुचवतो, इंडेम्निटी इन्शुरन्स, म्हणजे पुढे कारवाई झालीच तर नुकसान भरून देणारा विमा, काढा, थोडक्या पैशात काम होतं. अट एकच, या बाबतीत कौन्सिलशी आधी संपर्क केलेला नसावा, नाहीतर पॉलिसी मिळत नाही. म्हणजे जन्मात पहिल्यांदा तुम्हाला कौन्सिलला फोन करून खरं काय ते विचारावंसं वाटेल, तेव्हा सॉलिसिटरच सांगेल, फोन ठेवा.