‘आनंद’ मोजला, पण नेमका कोणता?

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वर्तमानपत्रांत आनंद हा शब्द पानोपानी सापडतो. म्हणजे तेव्हाचे लोक आपल्यापेक्षा सुखी होते. खुशी हा शब्द तर हिंदी सिनेमानं आणला.’ यातलं जवळपास काहीच टिकत नाही.

‘पानोपानी सापडतो.’ सापडेलच, पण पानावर कुठे ते बघा. 1914 च्या गुढीपाडव्यापासून पुढचं वर्ष म्हणजे शके 1836, आनंदनाम संवत्सर. वर्षाचंच नाव आनंद! साठ वर्षांनी ते परत येतं: त्याआधी शके 1776, नंतर शके 1896. नागपूरचं ‘महाराष्ट्र’ हे वर्तमानपत्र 1914 मध्येच सुरू झालं. त्या सालचा कुठलाही अंक चाळताना पहिल्या पानावरची तारखेची ओळ आधी बाजूला काढा. तिथे संवत्सर छापलेलं असेल, तर बातमी एकही न वाचता दर अंकामागे एक ‘आनंद’ जमा होतो. मग देणगीदारांच्या यादीतले आनंदराव, आनंदीबाई. 1906 साली वासुदेव गोविंद आपट्यांनी काढलेल्या ‘आनंद’ मासिकाचा उल्लेख. हे सगळं वजा करायचं. उलट अमरावतीच्या ‘प्रमोदसिंधु’ पत्राच्या नावात आनंदाचा अख्खा समुद्र आहे, पण ‘आनंद’ शोधून तो हाती लागत नाही.

‘म्हणजे लोक सुखी होते.’ मोठी चूक इथे आहे. ‘कळविण्यास आनंद वाटतो’ ही लिहिण्याची रीत, लग्नपत्रिकेतल्या ‘कृपाभिलाषी’सारखी. तिच्यावरून लिहिणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय शिजलं हे कळत नाही. 1896-97 मध्ये वऱ्हाड आणि मध्य प्रांतात दुष्काळ होता, आणि 22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 60 वर्षं झाल्याचा सोहळा सरकारनं साजरा करवला. त्या महिन्यातल्या अंकांत ‘आनंदोत्सव’ दिसला, तर तो हुकमानं झालेल्या समारंभाचा आहे. कास्तकाराच्या कोठीत ज्वारी होती की नाही, हे धान्याच्या भावाच्या रकान्यात बघावं लागतं. शिवाय ‘कारभाराचा सगळा आनंदीआनंद’ ही तर सरळ तक्रार. स्कॅन केलेल्या पानांत शब्द शोधणारं यंत्र तीही आनंदातच मोजतं.

‘खुशी सिनेमानं आणली.’ पहिला भारतीय कथापट 1913 चा. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि तिच्यात खुशी आहे. शब्द मूळ फारसी; निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या वऱ्हाडात तो परका वाटण्याचं कारणच नाही. जमिनीच्या खरेदीखतात आजही ‘राजीखुशीने लिहून दिले’ असतं. मात्र जपून: तिथे खुशी म्हणजे मर्जी, हर्ष नव्हे. ‘त्याची खुशी’ हेही तसंच. ‘खुशाल’ पत्रात क्षेम सांगतो, आणि ‘खुशाल जा’ यात नुसती मुभा आहे. एकाच घरातले हे शब्द एका खात्यात टाकले की हिशेब बिघडला.

मोजायचंच असेल तर दोन्ही काळांतले तेच महिने घ्या, कारण दिवाळीच्या अंकात शुभेच्छा जास्त. अंकामागे नको, दर हजार शब्दांमागे मोजा. पानं सारखी नसतात. खुशी, खुषी, खुश, खूष, चारही लेखनं शोधा. छापखान्याच्या झिजलेल्या खिळ्यांत अनुस्वाराचा ठिपका उमटत नाही आणि यंत्र ‘आनद’ वाचतं, म्हणून तेही शोधा. सापडलेल्या प्रत्येक जागेची अख्खी ओळ वाचून चार ढीग करा: नाव, रीत, मर्जी, आणि खरा हर्ष. तुलना फक्त चौथ्या ढिगाची.