लॅमिनार चालू म्हणजे आपण सेफ?

प्रॅक्टिकलचे दिवस आले की नवी मुंबईतल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: कॉलेजच्या लॅबमधले जंतू निरुपद्रवी, ई. कोलाय तर आपल्या पोटातच असतो. लॅमिनार (गाळलेली हवा सोडणारं कामाचं टेबल) लावा, कडक स्पिरिटने हात पुसा, ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) टेपवर काळ्या रेघा आल्या की जंतू वाढवलेल्या प्लेटा कचऱ्यात, कॉलेजला कोण विचारतंय! जर्नल पूर्ण करायच्या घाईत हे पटतंही.

खरं तेवढं आधी. ई. कोलायचा के-१२ वाण निरोगी माणसाला सहसा काही करत नाही, म्हणून तर तो वर्गात वापरतात. पण वाशीच्या खाडीचं पाणी किंवा गाडीवरची चटणी प्लेटवर पसरली, की काय उगवेल ते सरांनाही ठाऊक नसतं. त्यात प्लेट ३७ अंशांवर ठेवायची, म्हणजे माणसाच्या अंगात सुखाने नांदणारेच वेचून वाढवायचे! वर झाकण काढून वास घेणारे महाभाग असतातच.

लॅमिनारचं तर उलटंच. आडव्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्ये गाळलेली हवा प्लेटवरून थेट तुमच्या तोंडावर येते. जपली जाते ती प्लेट, तुम्ही नाही. टिश्यू कल्चरला (पेशी वाढवायला), मीडिया म्हणजे जंतूंचं खाद्य ओतायला तो उत्तम. अनोळखी नमुन्यांना बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. ते समोरची हवा आत ओढतं आणि गाळूनच सोडतं.

कडक स्पिरिटही नको. ७० टक्केच हवं. प्रथिनं मोडायला पाणी लागतं. आणि बॅसिलस जंतूंचे स्पोअर (त्यांची कवचातली सुप्त रूपं) त्यालाही दाद देत नाहीत.

आता ती टेप. ती प्लेटांच्या पिशवीच्या बाहेर असते, बाहेरच्याच वाफेने काळी पडते. गच्च बांधलेल्या पिशवीत हवा कोंडली तर वाफ आत शिरत नाही. ऑटोक्लेव्हच्या काट्यावर १२१ अंश दिसले तरी मधल्या प्लेटांपर्यंत ते पोचत नाहीत. पिशवी ठासून भरू नका, तोंड सैल ठेवा. अधूनमधून जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेत चिवट जंतूच्या स्पोअरची पट्टी लोडच्या (आत भरलेल्या मालाच्या) मधोमध ठेवा, मग उबवून बघा. वाढ दिसली तर लोड परत लावायचा, टेप काहीही म्हणो.

राहिलं ‘कॉलेजला कोण विचारतंय’. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिक्षणसंस्थांनाही लागू आहेत: कल्चर (वाढवलेले जंतू) आधी जागेवर निर्जंतुक करायचं, मगच पिवळ्या पिशवीतून बाहेर पाठवायचं.