काविळीचं पथ्य

आज सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या कॉटबेसिसवाल्या मुलांपैकी एकाला टी.बी. निघाला आहे. मालकांनी त्याला आजच खोली सोडायला सांगितलं आहे. कोणी घाबरू नये.’ खाली अकरा नमस्कार, चार अंगठे आणि एक ‘वेळेवर पाऊल उचललंत, धन्यवाद’.

मुलगा हिंगोलीकडचा, एमपीएससी करतोय. जिन्यात भेटला की ‘मावशी, पिशवी द्या’ म्हणणारा. दुपारी एक बॅग आणि गादीची वळकटी घेऊन रिक्षाची वाट बघत खाली उभा होता. विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? म्हणाला, तीन आठवडे झाले. मेसवाल्यांना काय सांगितलंस?

‘टायफॉईड.’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कारण मला १९९६ साली ‘कावीळ’ झाली होती.

बावीस वर्षांची होते. नारायण पेठेतल्या वाड्यात राहायचो, चौकाच्या पलीकडे काकूचं बिऱ्हाड. दोन महिने खोकला, संध्याकाळी ताप, अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे. बेडका तपासला, टी.बी. निघाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच आईनं ठरवलं, सांगायचं कावीळ. लग्नाची मुलगी ना.

दुसऱ्या दिवशी काकू काढा घेऊन हजर. काविळीचं पथ्य सुरू. तेल बंद, तूप बंद, फोडणी बंद. लाह्या आणि उसाचा रस. तिकडे डॉक्टर सांगत होते, हिला दूध, अंडी, शेंगदाणे घाला, वजन बघा हिचं! काकूनं विचारलं, लघवीला पिवळं होतं का गं? मी खरं ते सांगितलं, चक्क केशरी होतं. टी.बी.च्या रिफॅम्पिसिन या औषधानं होतंच तसं. ‘बघ! कावीळच!’ काढा दुप्पट झाला.

बाबा कॅम्पातून अंडी आणायचे, डब्याच्या पिशवीत लपवून. तोवर आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. रात्री काकूकडचा दिवा मालवला की आई ती उकडायची. वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून! टी.बी.च्या पेशंटच्या घरात! टरफलं पेपरात गुंडाळून बाबा दुसऱ्या दिवशी परत कॅम्पात नेऊन टाकायचे.

तीस वर्षं झाली याला. आणि हा पोरगा ‘टायफॉईड’ म्हणतोय. मेसवाली बाई त्याला पेज आणि मऊ भात घालतेय. मायेनंच. माझी काकूच ती.

आमच्याच ग्रुपवर दर ८ मार्चला आनंदीबाई जोशींचा फोटो पडतो. पुण्याचा अभिमान वगैरे. बाई १८८६ ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत याच पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं टी.बी.चा जंतू शोधून जेमतेम पाच वर्षं झाली होती, औषध कुठलं असायला. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, साधा टी.बी. असेल तर सहा महिन्यांत माणूस बरा होतो. पण आम्ही फोटोला हात जोडणार आणि पोराला रिक्षात बसवणार.

ग्रुपवर लिहिलं, औषध लागू पडलं की दोन-तीन आठवड्यांत लागण व्हायचा धोका खूपच कमी होतो, आणि ताटवाटीतून तर हा पसरतच नाही, हवेतून पसरतो. उत्तर आलं, ‘ताई, रिस्क कशाला?’ एका काकांनी दंडावरच्या बीसीजीच्या डागाची आठवण काढली, म्हणे आपल्या पिढीला काही होत नाही. काका, ती लस लहान मुलांना मेंदूच्या टी.बी.सारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते. तुमच्या साठीत तिचा काही भरवसा नाही.

पेशंटला घरी ठेवून बरं करता येतं हे आपल्याच देशात, मद्रासला, १९५० च्या दशकात पाहून झालंय. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये, काही आपापल्या दाटीवाटीच्या घरात, औषधं तीच. बरे सारखेच झाले, घरच्यांना जास्तीची लागणही झाली नाही. आमची बिल्डिंग अजून त्याच्या आधीच्या काळात आहे.

आणि खाणं! झारखंडात पेशंटच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर त्यांच्यात टी.बी. व्हायचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झालं. सरकार पेशंटला महिन्याला १००० रुपये देतं, २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा ५०० होते. पुण्यात हजारात मेसचे किती दिवस निघतात ते या पोरांना विचारा.

सरकारचं सगळं आलबेल आहे असं नाही, मान्य. २०२५ पर्यंत टी.बी. संपवणार होते. जगातल्या चार पेशंटमागे एक अजूनही आपला. मध्ये गोळ्यांचा तुटवडाही झाला होता. पण गोळ्या हातात असलेल्या पोराला हाकला म्हणून कुठल्या मंत्र्यानं सांगितलं होतं?

बरं, मालकांकडे चार वर्षांची नात आहे. भीती वाटणारच. गोळ्या सुरू होण्याआधी पोरगा याच जिन्यात खोकत होता, तेही खरं. मग तिला तपासून घ्या ना! मागच्या आठवड्यात आरोग्यसेविका त्याच्या खोलीतल्या मुलांना तपासायला आल्या होत्या. वॉचमननं सेक्रेटरींना फोन लावला आणि त्यांना गेटवरूनच परत पाठवलं, ‘इथे तसलं कोणी नाही’. त्यातूनच मालकांना कुणकुण लागली. जवळच्यांना टी.बी. नसला तर पुढे होऊ नये म्हणूनही गोळ्या असतात, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. आता त्या खोलीतली बाकीची दोन पोरं खोकला आला तरी कोणाला सांगतील का?

पोरगा सध्या धायरीला मित्राकडे गेलाय. उद्या डबा नेणार आहे. अंडी खिडकी सताड उघडी ठेवून उकडणार.

‘इथे तसलं कोणी नाही.’ सेक्रेटरींवर अजून चार ओळी लिहिल्या होत्या, खोडल्या. हे वाक्य मी आधी ऐकलंय. १९९६ ला डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, घरात लहान मूल आहे का? आई म्हणाली, नाही. काकूचा नातू तेव्हा दीड वर्षाचा. दिवसभर आमच्याकडे, माझ्या मांडीवर. त्याला काही झालं नाही. आता बंगलोरला असतो, चांगला दांडगा आहे. नशीब.

आत्ताच आईला विचारलं, लिहू का हे सगळं? म्हणाली, लिही बाई, पण कावीळच लिही. काकू फेसबुकवर असते.

काकू, तुझा काढा मी मोरीत ओतायचे. आणि आई ‘नाही’ म्हणाली तेव्हा मी शेजारीच बसले होते.