आमच्या शाळेचा पट नऊ, समोरच्या साईटवर पोरं सहा

गेल्या महिन्यात गावात 'मराठी शाळा वाचवा'ची बैठक झाली. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं गाव, सरकारी प्राथमिक शाळा, चारही वर्ग मिळून पट नऊ, बाई एकच. शनिवारी सकाळी दहाला देवळाच्या मंडपात जमलो. मी सही केली, वर भाषणही ठोकलं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी वाड्यावाड्यावर शाळा काढल्या आणि आपण त्यांना कुलपं लावतोय, वगैरे. टाळ्या पडल्या, चहा झाला.

बाहेर येऊन स्कूटर काढताना समोर नजर गेली. शाळेच्या गेटापासून दोनशे पावलांवर एका इमारतीचं काम चाललंय. कडेला पत्र्याच्या खोल्या. दहाएक वर्षांची एक मुलगी, कडेवर वर्षाचं पोर, दुसऱ्या हातात पाईप घेऊन नव्या भिंतीला पाणी मारत होती. पोर घसरलं की गुडघा वर करून त्याला परत कडेवर चढवायची, पाईप खाली न ठेवता. आणखी पाच पोरं वाळूच्या ढिगावर होती. शाळा चालू होती, पाढ्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

मी समितीतल्या एकाला विचारलं, "भाई, हीं भुरगीं शाळेंत कित्याक नात?" (ही पोरं शाळेत का नाहीत?)

"तीं आमचीं न्हय रे, घाट्यांचीं." (आमची नव्हेत, घाटावरून आलेल्यांची.)

माणूस वाईट नाही. पूर आला तेव्हा ह्याच माणसाने ह्याच लोकांना घरचं जेवण नेऊन दिलं होतं. पण पट मोजताना ती पोरं त्याच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. खोटं कशाला सांगू, भाषण करताना मलाही दिसली नव्हती.

गोव्यात बालमजुरी नाही, असं आपण फार सहज म्हणतो. साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८८ टक्क्यांच्या वर, मुलांसाठी २००३ चा स्वतःचा वेगळा कायदा, वेगळं बालन्यायालय. सगळं खरं. आणि कोणी अधिकारी त्या साईटवर आला असता तर त्यालाही बालमजूर सापडला नसता. मुलीला मजुरी कुठे मिळते? हजेरीच्या वहीत नाव आई-बापाचं. ती फक्त भाऊ सांभाळते आणि 'जरा पाणी मारते'. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, असं बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने सांगितलं, पण घरच्यांना मदत केली तर चालेल अशी फटही ठेवली. ती मदत शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, अशी अट आहे. पण जी शाळेतच नाही तिची शाळा सुटणार कधी?

दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन साईटवर गेलो. मुकादमाला वाटलं आम्ही धाड घालायला आलो, तो आधी पोरांनाच खोलीत पिटाळायला लागला. बाईंनी चप्पल बाहेर काढली आणि सरळ आत जाऊन खाली बसल्या. मुलगी कर्नाटकातल्या गदगकडची. गावी तिसरीत होती, दिवाळीनंतर आई-बाप कामाला निघाले तशी शाळा सुटली. दाखला? नाही आणला. आधार कार्ड गावी आजीकडे. वडील म्हणाले, मागे एका शाळेत गेलो होतो, दाखला नाही म्हणून परत पाठवलं.

हे ऐकून बाईंचा पारा चढला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा कागद नाही म्हणूनही नाही, आणि मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. इतक्या वर्षांनी हे त्या माणसाला माहीत नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण ज्याने परत पाठवलं त्याला माहीत नसेल?

मग आई बोलली. मोडक्या कोकणीत एकच प्रश्न, "भुरग्याक कोण पळयतलो?" (बाळाला कोण बघणार?)

खरी गाठ ती होती. अंगणवाडीत तिसऱ्या वर्षानंतर बसवतात. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात साईटवर पाळणाघर ठेवण्याची तरतूद होती, पण कधी, तर पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तेव्हा. ह्या साईटवर बायका सात. गोव्यात गावोगाव चाललेल्या असल्या कामांवर पन्नास बायका कुठून येणार? म्हणजे पाळणाघर नाही, आणि ज्या घरी एक दिवस काम बुडालं की चूल अडते, तिथे पाळणाघर म्हणजे मोठी मुलगी. भाऊ तीन वर्षांचा होईपर्यंत ही बारा वर्षांची होणार. मग तिला तिसरीत बसायची लाज वाटणार आणि घमेलं उचलायची ताकद आलेली असणार.

'गरिबी आहे म्हणून पोरं काम करतात' हे अर्धंच खरं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं, तेव्हा देश काय श्रीमंत होता? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोर शाळेत घालायला आधी गरिबी संपायची वाट बघायची, असं त्यांना वाटलं नाही. 'शिकून काय दिवे लावणार, हाताला काम तरी शिकेल' असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, भिंतीला पाणी मारण्यात कसलं काम शिकतात?

आता एक सांगतो, जे बैठकीत सांगितलं नाही.

१९८२ साली मी तिसरीत होतो आणि आमच्या घरात एक मुलगी होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, घाटावरून आणलेली. नाव लिहीत नाही. तिच्या बापाला महिन्याला तीस रुपये जायचे. ती भांडी घासायची, माझ्या धाकट्या बहिणीला खेळवायची, आणि पावसात माझं दप्तर डोक्यावर घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत यायची. तिथे दप्तर माझ्या हातात द्यायची आणि वळायची. मारझोड नव्हती, दोन वेळचं जेवण होतं, दिवाळीला नवा फ्रॉक. आई आजही म्हणते, "आपण तिला घरच्यासारखी ठेवली होती."

वडील शाळामास्तर. गोवा मुक्तीनंतर मास्तरांची वानवा होती तेव्हा सावंतवाडीकडून आलेले. दरवर्षी जूनच्या आधी ते वही घेऊन घरोघर फिरायचे, शाळेच्या वयाची पोरं टिपून घ्यायचे. गुराख्याचा पोर, कुळाची मुलगी, कोणाला सोडायचे नाहीत, बापांशी भांडायचे. अजूनही गावात वडिलांचं नाव निघालं की म्हातारी माणसं तेच सांगतात. ती वही आमच्या माडीवर आहे. बैठकीहून आल्यावर काढून बघितली. आमच्या वाड्याच्या पानावर माझं नाव आहे, शेजारच्या तिघांची आहेत. तिचं नाही.

बेकायदा काहीच नव्हतं. १९८६ च्या बालमजुरी कायद्याच्या बंदीतही घरकाम नव्हतं, ते थेट १० ऑक्टोबर २००६ ला आलं, हॉटेलं-ढाब्यांच्या जोडीने. वडिलांना मी दोष देतोय असं नाही, पण गावातला शेवटचा गुराखी शाळेत आणणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातली मुलगी दिसली नाही, हे मला गिळताही येत नाही. चौदाव्या वर्षी तिला परत नेलं, लग्न ठरलं म्हणाले. पुढचं कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून १२ जूनचे, बालमजुरीविरोधी दिनाचे फोटो मला बघवत नाहीत. बॅनर, टोप्या, एसी हॉलमध्ये इंग्रजी शाळेतल्या पोरांचं पथनाट्य. (पथनाट्य हॉलमध्ये कसं होतं, हा वेगळाच विषय.) धाडी हव्यात, १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोनही करावा. पण धाड पोराला कामावरून उठवते, बसवायचं कुठे ते शाळाच सांगते. आणि शाळा जागच्या जागी बसून राहिली तर ती नऊ जणांचीच राहणार. म्हापसा, वास्को, मडगाव, कुठेही बघा, कितीतरी सरकारी शाळा आज बाहेरून आलेल्या कामगारांच्या पोरांवर तरल्या आहेत. ती पोरं घरी कन्नड नाहीतर लमाणी, वर्गात मराठी आणि मैदानावर कोकणी बोलतात, ह्याचं कौतुक करायचं सोडून आपण 'पट बिघडला' म्हणून आपली पोरं काढून घेतो. मराठी वाचवायची म्हणता ना? मग समोरची सहा पोरं मराठीत 'अ' काढायला तयार होती.

आमच्या बाईंनी काय केलं, तर मुलीला भावासकट बोलावलं. नियमात बसतं का, विचारू नका. पहिल्या दिवशी तो वर्गात रडला, दुसऱ्या दिवशी माध्यान्ह आहार घेऊन येणाऱ्या बचतगटाच्या ताईंनी त्याला मांडीवर घेऊन भाजीत बुडवलेला पाव भरवला. तिसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकाखाली गोणपाटावर झोपायला लागला आणि ती पहिल्या बाकावरून मागे वळून बघायची थांबली. पाठोपाठ आणखी तिघं आली. पट तेरा.

पाच आठवडे. परवा स्लॅब झाला आणि अर्धी माणसं दुसऱ्या कामावर हलवली, त्यात हे कुटुंब. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी दाखला लिहिला, इयत्ता तिसरी, शिक्का मारला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिला. आईने तो रेशनकार्डाबरोबर ब्लाऊजमध्ये ठेवला.

नवीन काम पर्वरीत, महामार्गाच्या बाजूला, एवढंच मुकादमाने सांगितलं. त्या भागातलं कोणी इथे असेल तर जवळची सरकारी मराठी शाळा कुठली आणि बाई कोण, ते इनबॉक्समध्ये कळवा. भाऊ सोबत येणार आहे, हेही तिथे आधीच सांगून ठेवायचंय.