तिथी बघून धावणारा माणूस

रत्नागिरीत फिट राहायचं ठरवलं की पहिला विरोध भूगोलाचा. घर वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि समुद्र खाली, म्हणजे मारुती मंदिराकडून मांडवीला जाताना कोणीही ऑलिम्पिकवाला वाटतो आणि येताना, अंगातलं सगळं संपल्यावर, चढ सुरू होतो. पुण्याचा मित्र सांगतो आधी चढ घे, मग उतार. अरे पण त्यासाठी रोज रात्री मांडवीला झोपायला जाऊ का?

सपाट जागा म्हणाल तर भाट्याची पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. पण ती सकाळी जागेवर आहे की पाण्याखाली हे पंचांगाला विचारायचं. आमच्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमी, म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी वर चढलेलं आणि आपल्या वाट्याला सुरूच्या बनाकडची भुसभुशीत वाळू, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे. पौर्णिमा-अमावास्येला मात्र पहाटे ओहोटी, ओली घट्ट वाळू, अहाहा! मोबाइलमधलं अ‍ॅप विचारतं मंगळवारचा रन का चुकवलास, आता त्याला अष्टमी कशी समजवायची. आई म्हणते, वाढदिवस तारखेने करतोस आणि धावतोस तिथीने, उलटं आहे तुझं सगळं.

मार्च लागला की घाम. घाम वाळला तर अंग थंड होणार ना, इथे हवाच इतकी ओली की तो वाळायचं नावच घेत नाही, नुसता कोपरावरून ठिबकत राहतो. त्यात आंब्याचा सीझन. पहाटे अंधारात बागेच्या कडेने धावणारा माणूस आपल्या तब्येतीसाठी धावतोय हे राखणदाराला पटत नाही, तो तोंडावर बॅटरी मारतो, आणि त्याच्या कुत्र्याला तर अजिबातच पटत नाही. माझा सगळ्यात फास्ट किलोमीटर तिथलाच आहे.

मग सायकल. गोळपचा सडा चढून पावसला जायचं, स्वामींच्या मठात टेकायचं, इथपर्यंत झकास. परत निघेपर्यंत ऊन तापतं आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो उन्हाळ्यात वायव्येचा, आणि घर उत्तरेला. शाळेत खारे वारे-मतलई वारे दोन मार्कांना होते, पाठ करून लिहिले, कळले मात्र इथे, उतारावरसुद्धा पॅडल मारायला लागलं तेव्हा.

पावसाळ्याबद्दल काय बोलायचं. रेनकोट घातला तर आतून भिजतो, नाही घातला तर बाहेरून. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ, चेनला रात्रीत गंज, आणि छत्री घेऊन उभे असलेले शेजारचे काका ठरलेले, "काय हो, एसटी चुकली काय?" गणपतीत तर व्यायाम ही घरात अपमानास्पद गोष्ट असते. मोदकाला नाही कसं म्हणणार? ऑक्टोबर म्हणजे पुन्हा मार्चच, फक्त आंब्याशिवाय.

उरली थंडी. ती आली की आरे-वारेचा रस्ता खरंच स्वर्ग, पण तेवढ्यातच सगळा महाराष्ट्र गणपतीपुळ्याला निघतो. मी धापा टाकत चढावर, आणि गाडी थांबवून कोणीतरी, "दादा, जरा फोटो काढता का आमचा?" आधी वैताग यायचा. आता चढ लागला की मीच गाड्या शोधतो आणि विचारतो, काढून देऊ का फोटो? उभा एक, आडवा एक, सगळ्या फॅमिलीचा एक. सावकाश काढतो.