दोन तारे मिळालेल्या जुन्या माइकबद्दल: आधी केबल बघा

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत त्याबद्दल तक्रार नाही. उलट फोटो टाकलेत हे बरं केलंत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शुअर कंपनीचा जुना युनिस्फीअर ५६५ माइक आमच्याकडे दुरुस्तीला दिला, परत मिळायला फार वेळ लागला, आणि मिळाल्यावर आवाज ‘उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा’ येतोय. मागे हम (सततची घरघर) आहे आणि गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची खुंटी, पार टोकापर्यंत न्यावा लागतो. जाळीचा पोचा तसाच, उडालेला रंग तसाच. आतला ओरिजिनल फोम आम्ही काढून टाकला. माइकच्या हँडलमधला ट्रान्सफॉर्मर काढून द्या म्हटलं तर आम्ही ‘उगाच’ नाही म्हणालो. आणि एवढी साफसफाई तर घरी ब्लोअर मारूनही झाली असती.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण माइक नीट वाजत नसेल तर बाकीच्या कुठल्याच गोष्टीला अर्थ नाही.

तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा. माइकला करड्या रंगाची जाड केबल लावली आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला पाव इंची जॅक आहे आणि तो इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या, ‘इन्स्ट्रुमेंट’ सॉकेटमध्ये गेलाय. ही माइकसोबत आलेली जुनी केबल. त्याच फोटोत टेबलाच्या कडेला आमची पारदर्शक पिशवी दिसते, तिची स्टेपलची पिनसुद्धा निघालेली नाही. त्या पिशवीत आम्ही बनवलेली एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक-जोडणीची) केबल आहे आणि कामाची चिठ्ठी आहे. माइक तपासला तो त्याच केबलवर. तुम्हाला आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग पाठवलं तेही त्याच केबलवर केलेलं.

केबलने एवढा काय फरक पडतो, हे सांगायला हवं, कारण जुने माइक घेणाऱ्या पुष्कळ जणांची इथेच गाडी अडते. ५६५ हा ड्युअल इम्पिडन्सचा माइक. इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात; हा माइक कमी (लो) आणि जास्त (हाय) अशा दोन्हींवर चालतो. तुमच्याकडे आहे त्या जातीच्या माइकला बुडाशी फिरवून बसवायचा चार पिनांचा कनेक्टर असतो, आणि केबल त्यातल्या कुठल्या पिना वापरते त्यावर माइक लो इम्पिडन्सवर चालणार की हाय इम्पिडन्सवर हे ठरतं. तुमची जुनी केबल हाय इम्पिडन्सची आहे. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या पीए (सभेतल्या लाउडस्पीकरच्या) अँप्लिफायरला जॅकचं इनपुट असायचं, त्यासाठी ती बनलेली. त्या कामाला ती योग्यच होती.

आता हिशोब बघा. हाय इम्पिडन्स म्हणजे समजा ४०,००० ओहम. केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर १० मीटर केबलची १,००० पिकोफॅरड झाली. हे दोन मिळून एक फिल्टर तयार होतो आणि ४,००० हर्ट्झच्या आसपासच वरचा आवाज ३ डीबीने (डेसिबलने) खाली आलेला असतो, पुढे उतरतच जातो. स, श, च ही अक्षरं ज्याच्या जोरावर स्पष्ट कळतात तो भाग नेमका तिथून वर आहे. तुमची उशी ती हीच. तीच १० मीटर केबल १५० ओहमच्या बाजूने लावली तर हाच उतार दहा लाख हर्ट्झच्या पलीकडे जातो, म्हणजे कानाच्या दृष्टीने तो नाहीच. हमचंही तसंच. जॅकच्या केबलमध्ये सिग्नलची तार एकच, आणि ती हाय इम्पिडन्सवर असल्यामुळे आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, अडॅप्टरची घरघर आयती उचलते. एक्सएलआरमध्ये दोन तारा उलटसुलट सिग्नल नेतात, दोन्हींवर सारखीच चढलेली घरघर प्रीअँपच्या, म्हणजे इंटरफेसमधल्या पहिल्या अँप्लिफायरच्या, तोंडाशी एकमेकींना खाते. शिवाय इन्स्ट्रुमेंट सॉकेट गिटारच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्याला माइक इनपुटएवढा गेन नसतो.

गेनबद्दल मात्र एक अपेक्षा आधीच ठीक करून ठेवू. योग्य केबल लावल्यावरही शांत बोलण्यासाठी ५५ ते ६० डीबी गेन लागेल. तो बिघाड नव्हे. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या फटीत हलते आणि तेवढ्यावरच वीज निर्माण होते. जवळपास १ पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डीबीच्या दणदणीत आवाजाला, असा माइक दीड-दोन मिलिव्होल्ट देतो. बाहेरून वीज घेणारा कंडेन्सर माइक साधारण त्याच्या दहापट देतो. तुमच्याकडे आधी कंडेन्सर होता असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे तुमच्या हाताला गेनच्या त्या खुणेची सवय आहे. ‘नव्या माइकसारखी चमक’ही यात शोधू नका. या माइकची रेंज ५० ते १५,००० हर्ट्झ, त्याच्या वरचं तो मुळातच देत नाही. तोंड दोन-चार बोटांवर आणलं की खालचा आवाज भरतो, हात-दीड हात मागे गेलं की पातळ होतो. घरातल्या खोलीत, जिथे भिंती बोलतात, तिथे हा माइक आवडतो तो याच स्वभावामुळे.

आता ब्लोअर. हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, जुन्या डायनॅमिक माइकवर कॉम्प्रेस्ड हवा मारू नका. पडदा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचा असतो आणि कॉइल फटीत अगदी थोड्या अंतराने मोकळी तरंगत असते. हवेच्या एका झोताने पडदा आत बसतो किंवा कॉइल फटीला घासायला लागते. तशी घासलेली कॉइल बोलण्यात ऐकू येते, मोठ्या स्वरांवर खरखर होते, आणि मग कॅप्सूलच, म्हणजे पडदा, कॉइल आणि चुंबकाची अख्खी डबी, बदलावी लागते.

तुमच्या माइकमध्ये जाळीच्या आतला फोम कुजलेला होता. जुना पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आणि गाणाऱ्याच्या थुंकीने वर्षानुवर्षं झिजत जाऊन शेवटी चिकट पूड होतो. जाळी उघडली तेव्हा तो हाताळता येण्याजोगा एकसंध उरलाच नव्हता. त्याचे तपकिरी कण कॅप्सूलच्या पुढच्या भोकांतून खाली जाऊन पडद्यावर बसले होते. चुंबकाने ओढून घेतलेला लोखंडाचा बारीक कीस वेगळाच, तो फटीच्या कडेला केसांसारखा उभा राहतो. फोमचे कण ओलसर बारीक ब्रशने एकेक करून उचलायचे, कीस भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ पुट्टीच्या टोकाने टिपायचा, आणि हे सगळं भिंगाखाली. हात दाबला गेला तर पडद्याला घडी पडते. ‘ओरिजिनल’ फोमचा जो चुरा निघाला तो आम्ही टाकलेला नाही, तोही त्याच पिशवीत कागदाच्या पुडीत आहे. नवा फोम मोकळ्या छिद्रांचा घातलाय. घट्ट विणीचा स्पंज घातला असता तर वरचा आवाज त्यानेही खाल्ला असता.

वेळ खरा गेला तो आणखी एका गोष्टीत. तुमच्या आधी कुणीतरी कॅप्सूल हँडलला झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पक्की करून ठेवली होती. १९५९ मध्ये आलेल्या युनिडाइन ३ कॅप्सूलच्या घराण्यातला हा माइक. अर्नी सीलर या इंजिनिअरने ती कॅप्सूल रबरावर आणि आतल्या हवेवर तरंगती ठेवली होती, म्हणून हातातला धक्का पडद्यापर्यंत कमी पोचतो. हँडलमधली बंद हवासुद्धा त्या रचनेचा भाग आहे. गोंदाने ते सगळं जाम झालं होतं. असा गोंद ॲसिटोनने विरघळतो, पण त्यासोबत आजूबाजूचं प्लास्टिकही विरघळतं. त्यामुळे तो पात्याने कणाकणाने खरवडावा लागला, मग नवं रबर, मग हवाबंद सील, मग पुन्हा चाचणी. हे काम सुरू असताना तुम्हाला फोटो पाठवले होते, ते तुमच्या फोनमध्ये असतील.

पोचा आम्ही जितका निघाला तितका गोल टोकाच्या लाकडी काठीने आतून काढला. उरलेला काढायला गेलो असतो तर जाळी जोडावरच फाटली असती. रंगाचं काम आम्ही घेत नाही आणि ते माइक घेतानाच सांगतो. जाळीवर स्प्रे मारला की बारीक छिद्रं बुजतात, आणि घासकाम केलं की कीस पुन्हा चुंबकाकडेच जातो. देखणा हवा असेल तर शोकेसमध्ये ठेवायला बरेच मिळतील, त्यातले किती वाजतात ते विचारू नका.

राहिला ट्रान्सफॉर्मर. व्हिडिओंत तो काढून टाकणं फार चालतं, खरं आहे. १९६५ मध्ये आलेल्या शुअरच्याच एसएम ५७ माइकचं हँडल उकळत्या पाण्यात टाकून ट्रान्सफॉर्मर उपसून काढणारे तर पुष्कळ आहेत. त्याने आवाज बदलतो, काहींना तो आवडतोही. पण ट्रान्सफॉर्मर कॉइलचा क्षीण सिग्नल उचलून देतो, तो काढला की एसएम ५७ मध्ये साधारण १० डीबी पातळी जाते. ज्यांची तक्रारच गेन पुरत नाही अशी आहे, त्यांना आणखी १० डीबी खाली ढकलून पैसे घेणं मला पटलं नाही. मुद्दा असा की आमच्याकडे माइक येतो तो दुरुस्त व्हायला. तो कारखान्यातून निघाला तेव्हा जसा वाजायचा त्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायचं, आणि जे चालू आहे त्याला हात लावायचा नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी ठणठणीत होता.

आता एवढं करा. पिशवी उघडा, आमची केबल लावा, इंटरफेसच्या एक्सएलआर इनपुटमध्ये घाला. फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने केबलमधून माइकला दिलेली वीज, बंद ठेवा, या माइकला तिची गरज नाही. आणि जुन्या जॅकला साधा अडॅप्टर लावून एक्सएलआरमध्ये घालायचा विचार मनात आला तर तो सोडून द्या: फँटम चुकून चालू असेल तर ४८ व्होल्ट एकाच टोकावर येऊन ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून डीसी वाहू लागेल. गेन ५५ पाशी आणा, चार बोटांवरून, थोडं तिरकं बोला, आणि आम्ही पाठवलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा.

तरीही मंद वाटला तर माइक, इंटरफेस आणि दोन्ही केबल घेऊन या. तुमच्यासमोर, तुमच्याच इंटरफेसवर, शेजारी शुअरचाच एसएम ५८ माइक ठेवून ऐकू. त्याचे पैसे लागणार नाहीत, आणि दोष माइकमध्ये निघाला तर पुढचं कामही आमच्याकडे. तोवर ती जुनी केबल रागाने फेकून देऊ नका. तिच्या टोकाचा चार पिनांचा कनेक्टर चांगल्या स्थितीत आहे आणि तसा आता सहज मिळत नाही. तो सिग्नलच्या दोन तारा असलेल्या केबलला योग्य पिनांवर जोडला आणि दुसऱ्या टोकाला एक्सएलआर बसवला की तुम्हाला दुसरी लो इम्पिडन्स केबल तयार होईल.